वेशीवरचा थांबा

३ सप्टेंबर, बुधवार

वाल्मीक आज माझ्याकडे बघून हसला. वाल्मीक आमचा उपसरपंच. त्याचा बांध माझ्या बांधाला लागून आहे आणि चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो आहोत. तो कारणाशिवाय हसत नाही. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तो आणि शिपाई झुंबर काहीतरी बोलत होते, मी मोटारसायकल लावेपर्यंत गप्प झाले. काय चाललंय म्हणून विचारले तर झुंबर म्हणतो, 'काय नाय सरपंच, झेंडूचं बोलत व्हतो.' झेंडूचे बोलायला आवाज बारीक कशाला करावा लागतो?

म्हणून आजपासून लिहून ठेवायचे. ही डायरी बियाण्याच्या दुकानदाराने जानेवारीत फुकट दिली होती, आठ महिने कोरी पडली होती. एकतीस वर्षे एसटीत कंडक्टरकी केली आणि तिथे एक गोष्ट पक्की शिकलो. जो प्रवासी न विचारता 'तिकीट काढलंय बरं का' म्हणतो, त्याने ते काढलेले नसते. उद्या काही झालेच तर आपल्याकडे तारीखवार पुरावा असावा.

आणखी एक नोंद करून ठेवतो. मी, गोटीराम, थेट सरपंच आहे. म्हणजे सदस्यांनी आपापसांत ठरवून बसवलेला नाही, अख्ख्या गावाने मत देऊन निवडलेला. सहाशे अकरा मते. सदस्य नऊ आहेत, ते आपापल्या वॉर्डातून दीडदोनशे मतांवर आलेले. हा फरक त्यांच्या डोक्यात शिरत नाही. त्यांना वाटते, सरपंचाने पाणीसुद्धा त्यांना विचारून प्यावे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी भाऊसाहेब घरी आले. भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक बुद्धभूषण. वय बत्तीस, इस्त्रीचा शर्ट, बोलणे मोजूनमापून. 'सरपंचसाहेब, सभेचं रजिस्टर तेवढं ऑफिसला आणून द्याल का? नियमाने ते माझ्या ताब्यात असायला हवं.' मी म्हणालो, आणतो की. आणणार नाही.

ही डायरी कोणी वाचणार नाही, म्हणून रजिस्टरची हकीकत इथे लिहितो. कायद्याने दर महिन्याला सभा घ्यायची, विषय मांडायचे, चर्चा करायची, ठराव लिहायचा आणि मग सह्या. आमच्या गावात माझ्या आधीपासून सभा पायी फिरते. झुंबर रजिस्टर काखेत मारून घरोघर जातो. कोणी गोठ्यात सही करतो, कोणी जेवता जेवता. वरचे अर्धे पान कोरे सोडायचे, खाली सह्या घ्यायच्या, आणि ठराव मागून सवडीने भरायचे. आजवर कोणाची तक्रार नव्हती. सगळ्यांचा वेळ वाचतो.

जूनमध्ये माझ्या मनात आले, ह्या कोऱ्या जागेत कोणी काहीही लिहील. उद्या कोणी लिहिले की सरपंचाने राजीनामा दिला, तर खाली सह्या तयारच आहेत. त्याच दिवशी रजिस्टर घरी आणले. बायकोच्या, अंबूबाईच्या, कपाटात साड्यांखाली ठेवले आणि किल्ली करगोट्याला बांधली. तेव्हापासून सभाही झालेली नाही. रजिस्टरच फिरत नाही तर सभा कशी होणार?

खरे सांगायचे तर त्यातली एक कोरी जागा मीच भरली. ते वेगळे. सिटी बस पूर्वी गावात शिरून मळ्याच्या चौकापर्यंत यायची आणि तिथे मागेपुढे करून वळायची. त्यात सात मिनिटे जायची. ज्याने आयुष्य गाडीत काढले त्याला ही सात मिनिटे बघवत नाहीत. मी बसवाल्यांना पत्र दिले, की थांबा गावाच्या वेशीवर करा, गाडी सरळ येईल, सरळ जाईल. ते म्हणाले, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. म्हणून एप्रिलच्या पानावर, सह्यांच्या वर, ठराव लिहिला. अक्षर चांगले काढले. पंधरा जूनपासून गाडी वेशीवर थांबते आणि घड्याळ लावून घ्यावे अशी वेळेवर सुटते. गावाचे भलेच झाले.

आता वॉर्ड तीनच्या सदस्य सविताने अर्ज दिला आहे, की बसथांब्याच्या ठरावाची नक्कल मिळावी. सविता बारावी शिकलेली आहे, पण अर्जातली भाषा तिची नाही. 'सदर ठराव कोणत्या सभेत, कोणाच्या सूचनेने व अनुमोदनाने' असे कोणी बोलते का? तिच्यामागे कोण आहे ते शोधले पाहिजे.

६ सप्टेंबर, शनिवार

गणपती बोळवून आलो तर सविता आमच्या ओट्यावर. अंबूबाईशी बोलत होती. मला पाहिल्याबरोबर 'येते मावशी' म्हणून चपला घालून चालू लागली.

अंबूबाई गुडघ्याला तेल चोळत बसली. मग आपणहून म्हणाली, 'थांबा लय लांब पडतो हो. टोपलं डोक्यावर घेऊन येशीपातूर जाता जाता जीव जातो.'

अडतीस वर्षांच्या संसारात हिने कधी कशाची तक्रार केलेली नाही. आणि आजच, सविता उठून गेल्यावर पाच मिनिटांत? मी सरळ विचारले, 'हे तुला सविताने शिकवलं का?' तिने तेलाची वाटी उचलली आणि आत गेली. उत्तर दिले नाही, म्हणजे शिकवलेलेच.

९ सप्टेंबर, मंगळवार

झाले माझ्या मनासारखे. म्हणजे मला वाटतच होते ते झाले.

तहसील कचेरीतून नोटीस आली. माझ्यावर अविश्वासाचा ठराव. येत्या मंगळवारी, सोळा तारखेला, तहसीलदारांसमोर सदस्यांची खास सभा. तिथे मंजूर झाला तर पुढे ग्रामसभा भरेल आणि गाव गुप्त मतदानाने ठरवील, सरपंच ठेवायचा की काढायचा. कारणे तीन. सभा घेत नाहीत, रजिस्टर घरी ठेवतात, विश्वासात न घेता निर्णय करतात. खाली सह्या. ह्या सह्या मात्र कोऱ्या पानावर केलेल्या नाहीत. प्रत्येकाने वाचून, तारीख टाकून केल्या आहेत. पहिली वाल्मीकची.

नऊपैकी आठ सह्या. रावजीची नाही. म्हातारा वारकरी माणूस, मला वाटलेच होते की तो खाल्ल्या मिठाला जागेल. संध्याकाळी त्याच्या घरी आभार मानायला गेलो. त्याची सून म्हणाली, मामंजी चार दिवसांपासून घोटीला लेकीकडे आहेत, त्यांना ह्यातले काहीच माहीत नाही.

दुपारी भाऊसाहेबांना गाठून विचारले, तुम्ही कोणाच्या बाजूने? म्हणाले, 'साहेब, मी नियमाच्या बाजूने.' असे म्हणणारा माणूस नेहमी दुसऱ्या बाजूचा असतो. वर म्हणतो, अजूनही एक सभा लावा, रजिस्टर टेबलावर ठेवा, सगळं मिटेल. सगळे मिटेल म्हणजे मी मिटेन.

जेवताना अंबूबाई म्हणाली, 'घ्या ना एक सभा. तिथं काय वाघ बसलाय?' मी विचारले, आज कोण आले होते घरी? ती म्हणाली, कोणी नाही. मग तिने स्वतःचे ताट वाढून घेतले आणि माझ्याकडे पाठ करून जेवली.

११ सप्टेंबर, गुरुवार

आठही सदस्य गावातून गायब. सकाळी सहाला जीप भरून गेले. झुंबरला खडसावले तेव्हा म्हणाला, 'देवाला गेलं जणू.' कोणत्या देवाला, ते त्याला माहीत नाही.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मतदानाच्या आधी आपली माणसे फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायचे, फोन बंद ठेवायचे आणि ऐन वेळी थेट सभेच्या दारात उतरवायचे. पण पितृपक्षात? घरोघर पाने वाढायची, आणि हे सहलीला? वाल्मीकच्या वडिलांची तिथी परवा आहे, मला पाठ आहे, दरवर्षी मीच त्याच्याकडे जेवायला असतो. यंदा बोलावणे आले नव्हते. मी मनात म्हणत होतो, विसरला असेल.

जुने ड्रायव्हर-कंडक्टर कामाला लावले. संध्याकाळी वणीच्या स्टँडवरून फोन आला, पांढरी जीप, आठ माणसे, त्यात तीन बाया, सापुताऱ्याच्या रस्त्याला लागली. एसटीची माणसे पोलिसांपेक्षा चांगली.

१३ सप्टेंबर, शनिवार

सापुताऱ्याला जाऊन आलो. जे पाहिले ते जसेच्या तसे लिहितो, पुढे उपयोगी पडेल.

साडेअकराला उतरलो. तलावाकाठची तीन लॉज पालथी घातली, चौथ्याच्या व्हरांड्यात सापडले. मला वाटले होते पत्ते चालले असतील, बाटल्या असतील. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. सविताच्या मांडीवर शाळेची वही. ती वाचत होती, 'विषय चार. शाळेच्या टाकीला झाकण नाही.' त्यावर दोघांचे भांडण चालले होते, झाकण लोखंडी करायचे की फायबरचे. चांगला अर्धा तास. मी खांबाआड उभा राहून ऐकले. मग विषय पाच, स्मशानातला पत्रा. विषय सहा, बसथांबा. त्या विषयाला सगळे एकदम बोलू लागले.

हे सांकेतिक असणार असे आधी वाटले. आठ माणसे जीप करून शंभराच्या आसपास किलोमीटर येतात ती टाकीच्या झाकणासाठी?

वाल्मीकने मला पाहिले. 'गोटीराम, ये की. उभा का? चहा सांगतो.' त्याच्या डोक्यावर नवी टोपी होती. वडिलांची तिथी लॉजवरच केली म्हणाला, कावळ्याला घास तलावाकाठी ठेवला.

तेव्हा माझ्या लक्षात आले, खुर्च्या नऊ आहेत. माणसे आठ.

सविता म्हणाली, 'बसा नाना. ती खुर्ची तुमचीच हाय. अध्यक्षाबिगर सभा धरता येत नाय, आम्ही आपलं नुसतं बोलून ठेवतोय. तुम्ही इथं बसा, सोमवारी गावात रजिस्टर आणा, हेच विषय रीतसर घेऊ. मंगळवारी आमच्यातला एक बी हात वर करणार नाय.'

बाकीचे सगळे माझ्याकडे बघत होते. कोणी हसत नव्हते. मी आधी कोणाचा मोबाइल शूटिंगसाठी उभा धरलेला आहे का ते पाहिले. नव्हता. तरी मी बसलो नाही. बसलो असतो तर ती सभा झाली असती, सभा झाली असती तर रजिस्टर आले असते, आणि रजिस्टर आले असते तर एप्रिलचे पान सगळ्यांनी वाचले असते. त्यांनी सापळा मोठा नामी लावला होता. मी म्हणालो, 'मला गावाने बसवलंय. तुमच्या खुर्चीची मला गरज नाही.' आणि निघालो.

वाल्मीक स्टँडपर्यंत मागे आला. भाजलेली दोन कणसे घेतली, एक माझ्या हातात दिले. म्हणाला, 'तुला पाडून मला काय मिळणार? थेट सरपंचाची खुर्ची ती, पुन्हा गावच भरील. मला ती नकोच हाय. आम्हाला फक्त इचारून कर रे. माझ्या सहीवर तू काय लिवलं ते मला बस गावात यायची बंद झाल्यावर कळलं.' त्याचे डोळे भरले होते, की कणसाच्या धुराने तसे दिसत होते, सांगता येत नाही.

खुर्ची नको म्हणणारा माणूस सर्वांत धोक्याचा. कणीस मी गाडीत शेजारच्याला दिले.

परतीला दिंडोरीपर्यंत मला तो व्हरांडाच दिसत होता. वाईट वाटले, ते लिहितो. तीन वर्षांत माझ्यासमोर हे लोक कधी इतके भांडले नव्हते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

खास सभा झाली. तहसीलदारांनी विचारले, ठरावाच्या बाजूने कोण? आठ हात वर गेले. मग नववा. रावजी घोटीहून आलेला. त्याचा हात अर्धाच वर गेला, पण तहसीलदारांनी मोजला.

मी त्याला दाराशी धरले. 'रावजी, तू पण?' तो म्हणाला, 'नाना, मला सापुताऱ्याला नेलं नाय त्यांनी, तरी बी सांगतो. सभाच नाय तर मी सदस्य कशाचा? घरी नातू इचारतो, आबा तू पंचायतीत काय करतो?'

नऊ विरुद्ध मी. आता ग्रामसभा पंचवीस तारखेला. तिथे मात्र नऊ नाहीत, तिथे गाव आहे. तिथे बघू.

२१ सप्टेंबर, रविवार

पाच दिवस घर ना घर पिंजून काढले. एकच प्रश्न विचारतो. 'तुम्ही दिलेली खुर्ची आठ जणांनी सहलीला जाऊन काढून घ्यायची का?' सापुताऱ्याचे नाव काढले की लोक खदखदून हसतात. तिथे ते कशावर भांडत होते ते मी सांगत नाही. त्याने लोकांचा गोंधळ होईल.

आज पहाटे पाचला वेशीवर गेलो. उद्या घट बसणार म्हणून फुलांना मागणी, पंचवटीच्या बाजारात जायला बायांची झुंबड. टोपल्या भरगच्च. एकेक बाई अंधारातून यायची, टोपली उतरवायला दुसरीला हाक मारायची आणि खाली बसून घ्यायची. मी सगळ्यांना सांगितले, बघा, गाडी आता मिनिटाचाही उशीर करत नाही, हे कोणी केले? त्या हो म्हणाल्या. एकीनेही वाद घातला नाही. शेवटी गाडी आली तेव्हा एक म्हातारी म्हणाली, 'नाना, गाडी वेळेवर येती, आमचे पायच उशीर करत्यात.' सगळ्या हसल्या, मीही हसलो. चांगला मूड होता. ही चाळीस मते माझी धरायला हरकत नाही.

अंबूबाई सगळ्यांत मागून आली. मी तिथे उभा आहे हे तिने पाहिले, पण टोपली उतरवायला तिने सविताच्या सासूला बोलावले. लोकांसमोर नवऱ्याला कसे सांगणार, म्हणून असेल.

घरी आल्यावर सहज म्हणाली, 'तुम्ही आज तिथं व्हता, बघितलं ना आमचं?' मी म्हणालो, बघितले, सगळ्या खूश आहेत. मग ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली, की मला विचारावेच लागले, तुला कोणी काही विचारायला सांगितले आहे का?

२३ सप्टेंबर, मंगळवार

भाऊसाहेब मतपत्रिकेचा नमुना दाखवायला आले. दोन रकाने. ठराव मंजूर, म्हणजे सरपंच काढा. ठराव नामंजूर, म्हणजे सरपंच ठेवा. मी म्हणालो, अडाणी माणूस घोटाळेल, 'नामंजूर' वाचून मला नको म्हणेल. तुम्ही हे मुद्दाम केले. त्यांनी खिशातून सरकारी परिपत्रक काढून माझ्यासमोर ठेवले. मग जाताना दारात थांबले. 'साहेब, तुम्ही वाईट माणूस नाही. माझी नोकरी नवीन आहे, पण तरी सांगतो. एप्रिलचं पान मी पाहिलं होतं. मे महिन्यातच.'

चार महिने त्याने हे पोटात ठेवले. कशासाठी ठेवले असेल?

२५ सप्टेंबर, गुरुवार

जिंकलो.

शाळेच्या मैदानात ग्रामसभा. उन्हात रांगा. वर्गात पडदा लावून मतदान, साडेचारपर्यंत मोजणी. ठराव मंजूर, दोनशे एक्काहत्तर. ठराव नामंजूर, तीनशे चार. बाद सहा. तहसीलदारांनी जाहीर केले, ठराव फेटाळला, सरपंच कायम. आता लवकर पुन्हा असा ठराव आणता येत नाही, असेही सांगितले. म्हणजे मुदत संपेपर्यंत मी मोकळा. कोणाला विचारायचे कारण नाही.

पोरांनी गुलाल उधळला, ट्रॅक्टरवर बसवले. गावातून फिरलो. वाल्मीकच्या दारावरून गेलो तेव्हा तो ओसरीवर उभा होता. हात जोडले त्याने. मीही जोडले. सविता मैदानातच खुर्च्या गोळा करत राहिली होती.

अंबूबाईने ओवाळले. गुलालामुळे तिचा चेहरा नीट दिसला नाही.

आनंद आहे. झोप मात्र येईलसे वाटत नाही. तीनशे चार हा आकडा डोक्यात बसत नाही, दोनशे एक्काहत्तर बसला आहे. हे कोण लोक? ह्यांतल्या निम्म्यांनी माझ्या हाताला हात लावून 'नाना, काळजी नको' म्हटले असणार.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळपासून मतदारयादी घेऊन ओसरीवर बसलो. पेन्सिलीने एकेक घर. माझ्याबरोबर असेल तर टिक, नसेल तर फुली, शंका असेल तर टिंब. दुपारपर्यंत टिंबेच टिंबे झाली. जो जास्त गोड बोलला त्याला आधी टिंब.

अंबूबाई समोर शेवंती निवडत होती. मी नावे मोठ्याने वाचत होतो, तिला बायकांकडच्या बातम्या असतात म्हणून.  रावजीचे घर, पाच. झुंबरचे घर, तीन, टिंब. मग आमचे नाव आले. मी वाचले, 'आपलं घर, दोन.' आणि टिक करायला पेन्सिल टेकवली.

ती म्हणाली, 'एक धरा.'

मला वाटले चेष्टा करते. नवरा निवडून आला की बायकांना चेष्टा सुचते. मी हसत म्हणालो, 'दुसरं कुठं गेलं?'

'मी काढा म्हणून शिक्का मारला,' ती म्हणाली. हातातले फूल तिने देठ खुडून टोपलीत टाकले, दुसरे घेतले.

मी उभा राहिलो. तोंडून निघाले ते हेच, 'कोणी सांगितलं तुला? वाल्मीकने? सविताने?'

तिचे हात थांबले. 'बघा,' ती म्हणाली. 'आता बी तेच. थांबा लांब पडतो म्हणलं, तर तुम्ही इचारलं कोणी शिकवलं. सभा घ्या म्हणलं, तर कोण आलं व्हतं. परवा म्हणलं बघितलं ना आमचं, तर तुला कोणी इचारायला सांगितलं. माझ्या तोंडून माझं काय निघूच शकत नाय का? सव्वातीन महिने झालं टोपलं घेऊन चालती. गुडघा माझा, पाय माझा. वाल्मीकचा नाय.'

मी म्हणालो, 'मग मला काढून तुला काय मिळणार होतं?'

'माझं बोलणं मिळालं असतं,' ती म्हणाली. 'सरपंच राहिला नसता तर तुम्ही पुन्हा ऐकलं असतं. वाल्मीकनं काय वाईट केलं तुमचं? बापाच्या तिथीला त्यानं तुमचं पान वाढायचं म्हणून निरोप पाठवला व्हता, मी सांगितला तुम्हाला. तुम्ही म्हणलं, इख घालायचा त्याचा इचार आसल.'

हे मी म्हणालो होतो का? मागची पाने चाळून पाहिली. तिथे लिहिले आहे, बोलावणे आले नव्हते. माझ्याच अक्षरात लिहिले आहे. पण ती खोटे बोलत नाही, हे मला आजवर कोणी सांगायची गरज पडलेली नाही.

दोनशे एक्काहत्तर लोकांची नावे मी शोधत होतो. एक कळले. बाकीची शोधावीशी वाटत नाहीत. यादी तशीच पडली आहे, टिंबांसकट. लाज वाटते आहे, हे लिहून ठेवतो. राग यायला पाहिजे होता, तो येत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

पहाटे तिच्या मागोमाग निघालो.  मळ्याच्या चौकातून वेशीपर्यंत घड्याळ लावले. रिकाम्या हाताने मला आठ मिनिटे पुरतात. तिला सोळा लागली. दोनदा थांबली, एकदा विहिरीच्या कठड्याला टेकून, एकदा नुसतीच रस्त्यात.

दुसऱ्यांदा थांबली तेव्हा मी हात पुढे केला, 'दे टोपली.'

तिने दिली नाही. म्हणाली, 'माझं ओझं एक दिवस उचलून काय हुईल? वाल्मीकला जाऊन इचारा, सभा कधी घ्यायची.'

मी विचारले, 'तो येईल का?'

'ते त्याला इचारा,' ती म्हणाली आणि टोपली सावरून पुढे चालू लागली. गाडी वेळेवर आली.

परत फिरलो तो त्याच्या बांधावरून. वाल्मीक झेंडूला पाणी लावत होता. मी त्याला हाक मारली.